पदवीआधीची उमेदवारी

दहावीचा निकाल लागला की व्यापारी घरांतून एक चर्चा ठरलेली असते. मूल वाणिज्य शाखेकडे जाणार हे गृहीतच असते. पुढे सीए व्हायचे की थेट गादीवर बसायचे, एवढाच काय तो प्रश्न. अशा घरात एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘मला प्राणिशास्त्र शिकायचे आहे’ असे म्हटले, की क्षणभर शांतता पसरते. आजोबांना वाटते, मूल जीवांची चिरफाड करायला निघाले. वडिलांना वाटते, यात मिळकत ती कोणती? आईला वाटते, हे कुत्र्यामांजरांचे वेड आहे, दोन वर्षांत उतरेल. तिघांच्याही शंका रास्त आहेत आणि त्यांतील एकीचेही उत्तर वादाने मिळणारे नाही. ते कामातूनच मिळते. मुनीमजींच्या हाताखाली रोजमेळ लिहिल्याशिवाय तिजोरीची किल्ली मुलाच्या हाती न देणाऱ्या घरांना हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मराठीत त्यासाठी ‘उमेदवारी’ हा सुंदर शब्द आहे. निवडणुकांनी तो पळवला, ही गोष्ट वेगळी.

भारतातील पक्षिशास्त्राचा पाया ज्यांनी घातला ते डॉ. सलीम अली अशा उमेदवारीतूनच घडले, आणि तेही व्यापाराशी नाते असलेल्या घरातून. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा, सुलेमानी बोहरा समाजातला. आईवडील बालपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीच्या घरी भाच्याचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते, त्यामुळे मुलाच्या हाती छऱ्याची बंदूक आली. तिने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही कोण? मामांना सांगता आले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जुने सभासद होते. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून मुलाला पाठवले. साल होते १९०८, मुलाचे वय अकरा-बारा.

एका जिवाच्या हत्येतून या कथेचा आरंभ होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पक्षी हातात घेतल्यावाचून त्याचा अभ्यास नाही आणि मारल्यावाचून तो हाती येत नाही, अशीच त्या काळाची समजूत होती. परंतु त्या कथेत घेण्यासारखे आहे ते बंदुकीच्या नंतरचे.

मिलार्ड हे मद्याचा व्यापार करणाऱ्या फिप्सन कंपनीचे गृहस्थ. सोसायटीचे दप्तर आणि संग्रहही अपोलो स्ट्रीटवरील त्याच कंपनीच्या जागेत होता. व्यापाराच्या पेढीवर शास्त्राचा संसार थाटला जावा, हा योग मोठा विलक्षण! (मालाचा प्रकार मात्र अनेक वाचकांना रुचणार नाही.) साहेबाने चिमणी पाहिली, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली. एवढ्यावर भेट संपती, तर घडले असते इतकेच की एका मुलाची दुपार बरी गेली. मिलार्ड यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी मुलाला संग्रहालयाचे तरुण अभिरक्षक नॉर्मन किनिअर यांच्या हवाली केले, आणि नमुना कसा टिकवायचा, त्याची नोंद कशी करायची हे शिकवण्यास सांगितले.

हे काम रम्य नव्हते. कातडे सोलणे, त्याला औषध लावणे, कापूस भरणे, आणि शेवटी पायाला चिठ्ठी बांधणे. बँकेत किंवा पेढीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला या चिठ्ठीचे मोल चटकन कळेल. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी आणला, एवढा मजकूर तिच्यावर हवा. चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे व्हाउचरवाचून खर्च. रक्कम खरी असली तरी तपासनीस ती मान्य करणार नाही. प्राणिशास्त्र म्हणजे प्राण्यांवरचे प्रेम, असे मानून येणाऱ्या मुलाला पहिला धक्का इथेच बसतो. प्रेम असावेच, पण ज्याला तारीख लिहिण्याचा कंटाळा त्याने या वाटेला न जाणे बरे. हे जितक्या लहान वयात कळेल तितके आईवडिलांचे पैसे आणि मुलाची वर्षे वाचतात.

शाळेत हा मुलगा चमकला नाही. डोकेदुखीच्या विकारामुळे त्याला काही काळ सिंधमध्ये नातलगांकडे राहावे लागले; १९१३ मध्ये मॅट्रिक तो जेमतेम उत्तीर्ण झाला. पुढच्याच वर्षी त्याची रवानगी ब्रह्मदेशातील तवॉय येथे झाली. तेथे कुटुंबाचा टंगस्टनच्या खनिजाचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. महायुद्ध सुरू झालेले, पोलाद कठीण करण्यासाठी टंगस्टन लागे. म्हणजे धंद्याला दिवस चांगले होते. मुलगा मात्र भोवतालच्या अरण्यात रमला. तेथील वनखात्याच्या अधिकाऱ्यांशी त्याचा परिचय झाला आणि जंगल वाचण्याचे शिक्षण मिळाले. खाणीच्या कामात त्याने नाव काढल्याची नोंद नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना कोणताही व्यापारी बाप करू शकेल.

१९१७ मध्ये तो मुंबईस परतला. घरच्यांनी व्यवहारी मार्ग काढला आणि दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्र शिकण्यास घातले. सेंट झेवियर्स कॉलेजचे वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांच्या ध्यानात आले की या तरुणाचा जीव दुसरीकडे गुंतला आहे. त्यांच्या आग्रहावरून सकाळी हिशेब आणि नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे तास असा क्रम सुरू झाला, आणि तो अभ्यासक्रम त्याने पुरा केला. वर्गातील इतर मुले पुस्तकातून पक्षी ओळखू लागली असतील. याच्या हातून मात्र तोवर कित्येक पक्षी गेले होते, आणि ब्रह्मदेशाचे अरण्य पायांखालून गेले होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा सलीम अलींना मिळाली नाही. अनुभव असला म्हणजे पदवी नको, हा धडा जे कोणी या चरित्रातून काढतात ते फसतात. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून ३५० रुपये पगारावर ते लागले. १९२८ मध्ये रजा घेऊन बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. तेथे अभ्यासासाठी पुढ्यात आलेल्या नमुन्यांत ब्रह्मदेशातून जमवलेले पक्षी होते! कोवळ्या वयातली ती ‘वाया गेलेली’ वर्षे अशी खात्यावर जमा झाली. १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली. बिऱ्हाड अलिबागजवळच्या किहीमला, पत्नीच्या माहेरच्या घरी गेले. तेथे हाताशी होते ते फक्त सुगरण पक्षी. त्यांच्या वसाहतीसमोर तासन्तास बसून त्यांनी रोजच्या नोंदी केल्या. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर तिचा संसार सुरू होतो, आणि नर ते पुरे करून दुसऱ्या घरट्याच्या तयारीला लागतो. हा शोध त्या नोंदींतून आला. (मराठीने ज्याला ‘सुगरण’ म्हटले तो विणकर नर असतो, हे स्वयंपाकघरात सांगायला हरकत नाही.) बेकारीच्या दिवसांत प्रयोगशाळा नव्हती आणि पगार नव्हता, पण वही होती. वही ठेवण्याची ती सवय त्यांना अपोलो स्ट्रीटवर, शाळकरी वयात लागली होती.

आजच्या मुलाला बंदुकीची गरज नाही आणि परवानगीही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी पकडणे, पाळणे, त्यांची अंडी वा घरटी उचलणे गुन्हा ठरले आहे. कित्येक सज्जन घरांच्या गॅलरीत पिंजऱ्यातला पोपट असतो, तोही या कायद्यात बसतो. दुर्बीण, कॅमेरा आणि वही एवढ्यावर काम चालते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर होणाऱ्या पक्षिगणनेत शाळकरी मूलही नोंदी पाठवू शकते. मुंबईकरांसाठी गोरेगावला सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे.

परंतु जैन घरातील मुलाला उमेदवारीची सर्वांत जवळची जागा पांजरापोळ. मुंबईची भुलेश्वरची पांजरापोळ १८३४ पासूनची. गावोगावी तिच्या धाकट्या बहिणी आहेत. तेथे वाढदिवसाला जाऊन गूळ-चारा घालून फोटो काढणे म्हणजे अनुभव नव्हे. सुटीत रोज सकाळी ठरल्या वेळी जावे, शेण काढावे, चारा तोलून नोंदवावा, डॉक्टर आले की त्यांच्या मागे उभे राहावे. निरोगी गाईचे तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असते, म्हणजे जो माणसाला ताप तो गाईचा नित्यक्रम. गाय दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते आणि रवंथ थांबले की काही बिघडले, हे पुस्तकात एका ओळीत येते. ते गोठ्यात उभे राहून पाहिले की मनावर कोरले जाते. शहरी गाईच्या पोटातून निघालेला प्लास्टिकचा गोळा ज्या मुलाने पाहिला, त्याला पचनसंस्थेची आकृती पाठ करावी लागत नाही.

संक्रांतीच्या सुमारास मांजाने कापलेल्या पक्ष्यांसाठी अनेक ठिकाणी शिबिरे भरतात. तेथे अठराच्या आतील मुलांना जखमा शिवू देत नाहीत आणि देऊही नयेत. त्यांचे काम साधे असते. भोके पाडलेल्या खोक्यात पक्षी अंधारात व शांत ठेवायचा, चोचीत बळेच पाणी ओतायचे नाही, आणि कोठे सापडला, किती वाजता, कोणत्या पंखाला इजा, हे लिहायचे. पुन्हा तीच चिठ्ठी! करुणेच्या भरात पाणी पाजणारे हात पुष्कळ असतात, लिहिणारा हात दुर्मीळ.

घरच्या गोदामाकडे तर कोणी पाहतच नाही. धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा सोंडकिड्यांच्या सहवासात वाढतो. मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते. उष्ण हवेत महिन्याभरात नवा कीटक बाहेर पडतो. म्हणून आज स्वच्छ दिसणारे पोते पुढच्या महिन्यात बोलू लागते. धान्य कडक उन्हात वाळवणे, डाळीला एरंडेल लावणे, पोती भिंतीपासून दूर व फळीवर रचणे, या आजीच्या जयणेमागे हे जीवनचक्र आहे. कीड मारण्यापेक्षा ती होऊच न देणे हा शास्त्राचाही मार्ग आहे. सोळा वर्षांच्या मुलाने एका पोत्याची वर्षभराची नोंद ठेवली, तर वडिलांना त्यातून रोकडा उपयोग दिसेल, आणि ‘मिळकत कोणती’ हा प्रश्न थोडा मऊ होईल.

काही व्यवहारी गोष्टी. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे. चौदा ते अठरा या वयात धोक्याचे काम देता येत नाही. म्हणून हे सारे स्वयंसेवा म्हणून, पालकांच्या लेखी संमतीने व्हावे. कुत्र्यामांजरांशी संबंध येणार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची लस आधीच घ्यावी, धनुर्वाताचीही. काम संपल्यावर संस्थेकडून दाखला मागावा, पण त्याहून स्वतःची तारीखवार वही जपावी.

राहिली आजोबांची शंका. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन २०११ मध्ये टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सांगितले आणि २०१४ मध्ये ते थांबवण्याचे निर्देश दिले. तेव्हा बेडूक कापल्याशिवाय पदवी नाही, हे आता खरे नाही. पुढे संशोधनात कोणता विषय घ्यावा आणि कोणता टाळावा, हा निर्णय मात्र त्या मुलाचा असेल, आणि चार वर्षे गोठ्यात व गोदामात काढलेले मूल तो अधिक समजून घेईल. प्राणिशास्त्राच्या पदवीसाठी अकरावी-बारावीला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र लागते; एकदा वाणिज्य घेतले की मागे वळणे फार कठीण. म्हणजे उमेदवारी आठवी-नववीतच सुरू व्हायला हवी, प्रवेश अर्जाच्या आदल्या रात्री नव्हे. ते अर्ज पावसाळ्याच्या तोंडावर भरले जातात. त्याच सुमारास विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीचे नर पात्यांचे धागे चोचीत घेऊन कामाला लागलेले असतात.