अबोल मूल

यशवंतपुरात घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि वर्गात इंग्रजी ऐकणारे मूल गप्प राहिले, की त्याला मंद ठरविण्याची घाई होते. वस्तुतः अभ्यासाच्या सवयीआधी बोलण्याचा धीर यावा लागतो. बोर्डीला १९४५ साली काम आरंभून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. यशवंतपुरात तर एवढीही पायपीट नको. 'अण्णा', 'अक्का', 'तूप' ही मराठीला कन्नडचीच देणगी. मूल ती घरूनच आणते आणि कन्नडभाषक बाईंनाही ती कळते. हे शब्द फळ्यावर यावेत, पहिले उत्तर घरच्या बोलीत ऐकून घ्यावे. वेळापत्रक, गृहपाठ, वळणदार अक्षर यांचा आग्रह त्यानंतर धरावा.