दोह्योची पायरी बायकांनाही मोकळी व्हावी

टोकियोच्या कोकुगिकानमध्ये सुमोची स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पूजा होते. पंच म्हणजे ग्योजी त्या दिवशी जपानच्या शिंतो धर्मातल्या पुजाऱ्याच्या वेशात येतो. दोह्यो या मातीच्या आखाड्याच्या मधोमध छोटा खड्डा असतो. त्यात धुतलेले तांदूळ, मीठ, समुद्री शेवाळ, सुकवलेला माकूळ असा नैवेद्य पुरतात आणि साके शिंपडतात. पुढचे 15 दिवस मल्ल त्याच मातीवर एकमेकांना भिडतात.

शिंतोच्या खुणा इथे पावलोपावली दिसतात. मल्ल मूठभर मीठ उधळून जागा शुद्ध करतो, पाय आपटून अशुभाला पिटाळतो. योकोझुना हा सर्वोच्च मल्ल कमरेला जाडजूड पांढरा दोर बांधतो. त्यावर लोंबणाऱ्या घडीच्या कागदी पट्ट्या शिंतो देवळांतही पवित्र जागेची हद्द दाखवतात. हा सगळा विधी सुमोचा प्राण आहे आणि तो जपलाच पाहिजे.

पण याच पावित्र्याच्या नावाखाली बायकांना दोह्योवर पाय ठेवू दिला जात नाही.

एप्रिल 2018 मध्ये क्योतो प्रांतातल्या माइझुरू शहरात प्रदर्शनीय सामन्यांच्या वेळी दोह्योवर भाषण करता करता महापौर कोसळले. प्रेक्षकांतल्या काही महिला धावत वर गेल्या आणि त्यांनी छाती दाबून प्रथमोपचार सुरू केले. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली, ‘बायकांनी खाली उतरावे’, आणि तीही पुन:पुन्हा. माणूस मरणाच्या दारात असताना पंचाला नियम आठवला. सुमो संघटनेच्या अध्यक्षांना नंतर माफी मागावी लागली. तरीही काहीच दिवसांत ताकाराझुका शहराच्या महिला महापौरांना दोह्योवरून बोलू दिले नाही. ओसाकाच्या राज्यपाल फुसाए ओता यांनाही 2000 मध्ये विजेत्याला करंडक द्यायला वर येऊ दिले नव्हते.

संघटना परंपरेकडे बोट दाखवते. मात्र ही परंपरा वेळोवेळी बदलत आली आहे. दोह्योवरच्या छपराला इसे देवस्थानाच्या शैलीचा घाट 1931 मध्ये दिला गेला. छपराचे चार खांब प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येत म्हणून 1952 मध्ये काढून टाकले आणि छप्पर वरून टांगले. खांबांच्या जागी चार दिशांचे हिरवे, लाल, पांढरे, काळे गोंडे आले. राहिला बायकांचा प्रश्न. इ.स. 720 मधल्या ‘निहोन शोकी’ या ग्रंथात सम्राट युर्याकूच्या दरबारातल्या स्त्रियांच्या सुमोचा उल्लेख आहे. एदो काळात स्त्रियांच्या सुमोचे खेळ होत आणि आज हौशी सुमोत महिला जागतिक स्पर्धाही खेळतात.

प्रेक्षकांना नीट दिसावे म्हणून खांब काढले तेव्हा दोह्योचे पावित्र्य भंगले नाही. संघटनेने निदान दोन बदल तातडीने करावेत: बक्षीस समारंभात महिलांना मानाने वर बोलवावे, आणि जीव वाचवायला धावणाऱ्या कुणालाही अडवू नये, हे नियमातच लिहून टाकावे. मीठ, दोर आणि आदल्या दिवशीची पूजा यांतल्या कशालाही त्यासाठी हात लावावा लागत नाही.