शेळीला आडोसा, बाईला नाही

वेल्ह्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक आटोपून परतीच्या एसटीची वाट पाहत होते. कडेवर आठ महिन्यांची लेक, डोक्यावर ऊन आणि एसटीला दोन तास अवकाश. शेजारीच एक नवं कॅफे होतं. ससे, बदकं, गावरान कोंबड्या, शेळ्या. मुलांनी प्राण्यांना चारा द्यायचा, मोठ्यांनी चहा-भजी खायची. भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर, धरणांच्या कडेनं अशी ठिकाणं आता दिसू लागली आहेत. तिकीट काढून आत गेले. लेक सशाकडे बघून हसली आणि थोड्याच वेळात भुकेनं रडू लागली.

मी एका बाकावर बसून तिला पदराखाली घेतलं. तिथला व्यवस्थापक जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, इथं फॅमिलीवाले बसलेत. गाडीत बसून पाजता का?" माझ्याकडे गाडी नव्हती. मग त्यानं संडास-बाथरूमकडे बोट केलं.

तिथून उठले तर समोर शेळ्यांचा गोठा. एका कोपऱ्यात गोणपाटाचा आडोसा आणि त्यावर पाटी : 'शेळी नुकतीच व्याली आहे. करडांना पाजताना जवळ जाऊ नये.' पाटी योग्यच होती. पण पिणारं बाळ आणि पाजणारी आई यांना निवांतपणा लागतो, हे ज्याला शेळीच्या बाबतीत कळतं, त्याला ते बाईच्या बाबतीत का कळू नये?

मी तिथंच, आडोशाच्या अलीकडे टेकले. शेण काढणाऱ्या बाईनं न सांगता एक पोतं अंथरलं आणि वाटेकडे पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली. तिचंही बाळ सहा महिन्यांचं. ते घरी, चौथीतल्या बहिणीपाशी. शनिवार-रविवारी गर्दी असते म्हणून थोरलीची शनिवारची शाळा बुडते. "दुपारी पान्हा येतो, ताई. चोळी भिजते. हिची करडं हिच्यापाशी हायेत, माझं घरी रडतंय." तिचं नाव इथं लिहीत नाही. तिला हे काम टिकवायचं आहे.

माझा अपमान तासाभराचा होता, तिचं हे रोजचं आहे. म्हणून प्रश्न माझ्यासारख्या गिऱ्हाईक बाईच्या सोयीपुरता ठेवून चालणार नाही.

कायदा काय म्हणतो? 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यानं बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात दोनदा पाजायला सुट्टी दिली. 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा अधिक कामगार असतील तिथं पाळणाघर बंधनकारक केलं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही या तरतुदी ठेवल्या. पण जिथं चार-पाच बायका झाडलोट करतात, गोठा काढतात, भाकऱ्या थापतात, तिथं 50 चा आकडा कधी गाठायचा? दुसरीकडे, 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तरी त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायची तरतूद होती. म्हणजे लहान आकड्यावरही विचार होऊ शकतो. राज्यानं 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यातून शेतकऱ्याला जोडधंदा मिळावा हे चांगलंच. पण त्या जोडधंद्यात राबणाऱ्या बाईचं बाळ कुठं असेल, हा प्रश्नही त्याच धोरणाचा असायला हवा.

मालक म्हणेल, आमचंच भागत नाही. खरंही असेल. पण एक चटई, एक पडदा, साबण-पाणी आणि पाजायला दोन वेळची सुट्टी यांनी कुणाचा धंदा बुडत नाही. शेण काढलेले हात धुऊन बाळाला घेता आलं पाहिजे, एवढीच ही मागणी आहे.

भोरहून घाट उतरलं की रायगड. तिथल्या हिरकणीची गोष्ट आपण लेकींना सांगतो. दूध विकायला आलेली ती गवळण, दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. तिच्या नावानं बुरूज आहे, एसटी स्थानकांत हिरकणी कक्ष आहेत. आपण तिच्या धाडसाचं कौतुक करतो. पण कामाला आलेल्या बाईचं बाळ दरवाज्यापलीकडे का राहिलं, हे विचारत नाही. आईनं कडा उतरावा, हीच अपेक्षा आपल्या अंगवळणी पडली आहे.

मैत्रिणींनो, ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. पुढच्या सभेत हा विषय मांडू या. आपल्या हद्दीत असं ठिकाण असेल तर तिथं किती बायका कामाला आहेत, त्यांची मुलं कुठं असतात, मोठ्या बहिणी शाळेत जातात का, हे विचारू या. अंगणवाडीची वेळ त्यांच्या कामाच्या वेळेशी जुळते का, तेही पाहू या. बचत गट स्वतः असं ठिकाण चालवत असेल तर सुरुवात तिथूनच करू या.

एसटी आली तेव्हा ती बाई आडोशाचं गोणपाट नीट करत होती. शेळीच्या.