गोड पाणी नाकारणारा उंदीर



जनावराचे काही बिघडले की आपल्याला ते डॉक्टरांच्या आधी कळते. बैल वैरणीवरून तोंड फिरवतो, गाय रवंथ सोडते, कान पाडून उभी राहते. आजार पुढे दिसतो. जनावराचे मन आधी उडते. फेफऱ्याच्या, म्हणजे फिट किंवा आकडीच्या बाबतीतही असे घडते काय, याचा शोध शास्त्रज्ञांनी उंदरांवर घेतला आहे. तो आपल्या घरच्या उपयोगाचा आहे, म्हणून आज पिकांची गोष्ट बाजूला ठेवू.

फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे पांढऱ्या उंदरांचा एक वाण तयार झाला आहे. आपण जसे निवडक कणसाचे बी राखतो, तसे तेथे झटके येणारे उंदीर निवडून त्यांचीच पैदास केली. हे उंदीर हातपाय झाडत नाहीत. काही सेकंद जागीच थिजतात आणि मेंदूच्या आलेखावर त्या वेळी टोकदार लाटा उमटतात. हा दोष वयाबरोबर प्रकट होतो. सातव्या आठवड्यात झटके नसतात; तेराव्या आठवड्यात ते पुरते दिसू लागलेले असतात.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या संशोधकांनी या दोन्ही वयांच्या उंदरांची परीक्षा घेतली व २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदरांपुढे साखरेचे पाणी ठेवले. निरोगी उंदीर गोडावर तुटून पडतो. या वाणाचे उंदीर ते कमी पीत. मोकळ्या जागेत सोडले तर अधिक बुजत. आणि हे सारे सातव्या आठवड्यातही दिसले, म्हणजे झटके सुरू होण्यापूर्वीच!

तेव्हा ही उदासी केवळ झटक्यांच्या त्रासाने आली, असे म्हणता येत नाही. एकाच मुळातून दोन कोंब फुटावेत, तसे हे असावे. नेदरलँड्समधील दुसऱ्या एका वाणाला लहानपणापासून फेफऱ्याचे औषध दिले, तेव्हा मोठेपणी झटके कमी झाले आणि उदासीही टळली.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आइसलँडमधील पाहणीतही, तीव्र नैराश्य येऊन गेलेल्या माणसांत पुढे फिट येण्याचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ प्रत्येक उदास माणसाला फिट येईल असा मुळीच नाही. तशी भीती बाळगू नये.

मग आपण काय करावे?

घरात फिटचा रुग्ण असेल तर झटके मोजता तसे त्याचे मनही पाहावे. जेवणावरची वासना गेली, झोप उडाली, आवडीच्या कामात लक्ष लागेना, तर ‘आळशी झाला’, ‘सोंग करतो’ असे म्हणू नका. ही लक्षणे डॉक्टरांना आवर्जून सांगा. उदासीवरही उपचार आहेत.

एखादे मूल बोलता बोलता थांबते, एकटक पाहते, हाकेला ओ देत नाही आणि क्षणभराने पुन्हा पहिल्यासारखे होते. असे वारंवार होत असेल तर त्याला मारू नका. तोही फेफऱ्याचाच प्रकार असू शकतो. त्याला डॉक्टरांना दाखवा.

कांदा किंवा चप्पल हुंगवणे हा उपचार नव्हे. झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर ताबडतोब दवाखाना गाठावा. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. घरातले कोणी ‘जीव नकोसा झाला’ असे बोलले, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीची औषधे माजघरात किंवा उघड्या फळीवर न ठेवता कुलपात ठेवा आणि किल्ली जबाबदार माणसाच्या कनवटीला असू द्या. गोठ्यातले मुके जनावर आपण ओळखतो. घरातले मुके झालेले माणूसही ओळखले पाहिजे.