संगणकाच्या दारांना कड्या घाला!



ग्रामपंचायतीत इंटरनेट आले, गोठ्यावर कॅमेरा लागला, ठिबकचा कंट्रोलर मोबाईलवर चालू लागला. चांगलेच झाले. पण कांदाचाळीला न चुकता कुलूप घालणारे आपण, या यंत्रांनाही दारे असतात हे विसरतो.

या दारांना पोर्ट म्हणतात. इंटरनेटवर यंत्राला घरासारखा पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर ० ते ६५५३५ अशा क्रमांकांची दारे. वेबसाइटसाठी ८० आणि ४४३, फायली देण्याघेण्यासाठी ४४५, दुरून संगणक चालवण्यासाठी ३३८९. आतला एखादा प्रोग्राम दार उघडून हाकेची वाट बघत बसतो. हाक मालकाची की चोराची, हे त्याला कळेलच असे नाही.

आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. २०१६ साली 'मिराई' विषाणूने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २३ क्रमांकाचे दार उघडे आणि कारखान्यातला पासवर्ड तसाच, एवढे त्याला पुरले. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' विषाणूमुळे आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. एका संगणकातून दुसऱ्यात पसरायला त्याने ४४५ चे दारही वापरले होते. त्या खोटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. औषध घरात होते, फवारले नाही!

पंचायतीच्या संगणकात गावाची आधारकार्डे, पासबुकांच्या प्रती असतात. म्हणून तपासणी करा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर इंग्रजीत 'नेटस्टॅट' लिहा, एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला जोडून ए, एन ही अक्षरे टाका. ज्या ओळीत 'लिसनिंग' दिसेल ते दार उघडे. घाबरू नका, काही दारे विंडोज स्वतःच्या कामासाठी उघडते. पण कशासाठी उघडे, हे प्रत्येकाबद्दल जाणकाराला विचारा. त्या दारापर्यंत बाहेरून पोचता येते का, हेही त्याच्याकडूनच तपासून घ्या.

मग कड्या घाला. फायरवॉल चालू ठेवा. राउटरमधले 'पोर्ट फॉरवर्डिंग' आणि 'यूपीएनपी' गरज नसेल तर बंद करा. राउटर आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बसवल्या दिवशीच बदला. कॅमेरे आणि कार्यालयाचे संगणक वेगवेगळ्या जाळ्यात ठेवा. विंडोज ७ असेल तर त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला आहे; तो संगणक इंटरनेटपासून तोडा.

माझे स्पष्ट मत असे, की दोष गावकऱ्यांचा कमी आणि काम घेण्याच्या रीतीचा जास्त. पुरवठादार येतो, दुरून दुरुस्ती सोपी जावी म्हणून दार उघडे ठेवतो, पैसे घेऊन निघून जातो. बांधावरच्या बंधाऱ्याचे मोजमाप घेतल्याशिवाय आपण देयक काढत नाही, मग इथेच डोळे मिटून सही का? कोणते पोर्ट उघडे, कशासाठी, पासवर्ड बदलला का, हे लेखी घ्या. ते नोंदवहीत चढवा आणि मगच देयक मंजूर करा. शेतकऱ्यांनीही कंट्रोलर घेताना दुकानदाराला हेच विचारावे.

फसवणुकीत पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० वर फोन करा. पण तो फोन करायची वेळ येऊ नये, हे आपल्याच हातात आहे.