प्राध्यापकास शिकवावयास कोणी शिकवावे?

प्राथमिक शाळेत शिकवावयाचे तर अध्यापनाची पदविका लागते, माध्यमिक शाळेत बी.एड. लागते. विद्यापीठात मात्र एम.ए. आणि नेट, किंवा पीएच.डी. पदरी असली की माणूस थेट फळ्यापुढे उभा राहतो. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनाविषयी प्रश्न असतात, नाही असे नाही. पण चार उत्तरांतून एक निवडावयास लावून शिकविण्याची पात्रता ठरविणे म्हणजे गवयाची परीक्षा लेखी घेणे होय.

आम्हां गाणाऱ्यांत हा प्रश्न जुना आहे. माझे वडील दरबारी गवई. त्यांची तान निर्दोष. पण शिष्याची तान नेमकी कोठे अडते, हे त्यांस सांगता येत नसे. ते तीच तान पुन्हा गात. ज्यास उचलता आली त्याने उचलली, बाकीचे घरी गेले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ही अडचण वेळीच ओळखली. १९१८ साली माधव संगीत विद्यालय उघडण्यापूर्वी त्यांनी आपल्याकडील गवयांस मुंबईस भातखंडे यांच्याकडे धाडले. राजाभैया पूछवाले त्यांतलेच. ही मंडळी गाणे शिकावयास गेली नव्हती. ते त्यांना येतच होते. वर्गभर मुले समोर असता स्वरलिपी धरून, क्रमाने कसे शिकवावे, हे शिकावयास ती गेली.

विद्यापीठांस जाग यावयास फार अवधी लागला. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने नव्या अधिव्याख्यात्यांच्या तयारीचा विषय काढला. १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर, १९८७ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाने अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. आपल्या उस्मानियातही असे केंद्र आहे. २०१५ मध्ये त्यांचे नाव बदलले, २०२३ मध्ये मालवीय मिशनच्या नावाने पुन्हा बदलले. महिनाभराचा वर्ग, मग विषयाची उजळणी आणि शेवटी प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र पदोन्नतीस लागते, आणि पुष्कळांना ते तेवढ्याचसाठी हवे असते, हे उघड गुपित आहे. इंग्लंडात १९९७ च्या डिअरिंग समितीनंतर नव्या अधिव्याख्यात्याने नोकरी करता करता अध्यापनाचे पदव्युत्तर प्रमाणपत्र घेण्याची रीत पडली. तेथे अनुभवी सहकारी वर्गात मागे बसून तास पाहतो आणि मग बोलतो. आपल्या महिनाभराच्या वर्गात नेमके हेच होत नाही.

हे आज लिहावयाचे कारण बिदर आणि कलबुर्गी. १९५६ पर्यंत हे जिल्हे आपल्या हैदराबाद राज्यातले. पुष्कळ वाचकांची आजोळे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद याच भागांत आहेत. कलबुर्गीस १९८० साली विद्यापीठ झाले, त्यात मराठीचा विभाग आहे. बिदरला स्वतंत्र विद्यापीठ २०२३ साली मिळाले. या भागातला मराठीचा वर्ग पुण्यातल्या वर्गासारखा नसतो. एका बाकावर घरी मराठी बोलणारा पण कानडी शाळेत शिकलेला मुलगा, शेजारी दखनी बोलणारी मुलगी, मागे तांड्यावरून आलेला लमाणी मुलगा. ज्ञानेश्वरीची ओवी यांच्यापुढे कशी उघडावी? तेथील माझ्या परिचयाचे एक प्राध्यापक सांगत होते, की त्यांनी केलेल्या वर्गात सारी व्याख्याने इंग्रजीत झाली आणि मूल्यमापनाचे तक्ते भरण्यात दोन दिवस गेले. तीन भाषांच्या वर्गाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. परत आल्यावर ते पूर्वीप्रमाणे टिपणे सांगू लागले. त्यांस दोष कसा द्यावा?

वस्तुतः उपाय त्याच मातीत आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. कानडी मुलास मराठी पद शिकविताना मी आधी चाल देतो, अर्थ मागाहून. चाल बसली की शब्द आपोआप जागेवर येतात. तसेच बसवेश्वरांचे वचन ज्या मुलाच्या कानांत लहानपणापासून आहे, त्याच्यापुढे ते ठेवून शेजारी तुकोबांचा अभंग मांडला तर निम्मे काम झाले. पण कोणता अभंग, कोणत्या वचनाशेजारी, हे प्राध्यापकास कोणीतरी एकदा करून दाखवावे लागते.

२०२० च्या शिक्षण धोरणाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांस अध्यापनाचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष शिकविण्याचे तास सांगितले आहेत. कलबुर्गीत मराठी व कानडी विभागांनी तो एकत्र चालवावा असे मला वाटते. मराठीच्या उमेदवाराने कानडीच्या वर्गात बसावे, कानडीच्याने मराठीच्या. सीमेवरच्या मराठी शाळांना मराठीचे शिक्षक याच वर्गांतून मिळावयाचे आहेत. येथले बाक रिकामे झाले तर औरादच्या शाळेत मराठीच्या तासाला कोण उभे राहील? सत्रभर तरी एखाद्या जाणत्या प्राध्यापकाने उमेदवाराच्या तासाला मागे बसावे, आणि त्या तासांचे मानधन त्यास विद्यापीठाने द्यावे. फुकटात तो दोनदा येईल, तिसऱ्यांदा येणार नाही.