मेळघाटातील माता आणि उपदंश

मेळघाटातील बालमृत्यू १९९३ साली देशभर गाजले. तेव्हापासून धारणीकडे बालक दगावले, की चर्चा कुपोषणापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. कुपोषण आहेच, परंतु मृतजन्म, अकाली प्रसूती व अपुरे वजन यांच्या मुळाशी मातेचा उपदंशही असू शकतो, हे कोणी ध्यानात घेतो काय?

हा रोग नाळेवाटे गर्भात उतरतो. बालक पुष्कळदा वरवर धडधाकट जन्मते. काही आठवड्यांनी तळहात-तळपायांची साल निघते, नाक वाहते, यकृत व प्लीहा वाढते, हाडे दुखल्याने मूल हातपाय हलवीत नाही. वाचलेच, तर पुढे बहिरेपणाची वा दृष्टी अधू होण्याची भीती.

औषध जुनेच, पेनिसिलीन. आपल्या पिंपरीत ते १९५५ पासून तयार होऊ लागले. बाधित अर्भकाला ते १० दिवस टोचावे लागते. मातेचा रोग नवा असल्यास २४ लाख युनिटांची एकच सुई पुरते, जुना असल्यास आठवड्याच्या अंतराने तीन. मात्र उपचार प्रसूतीच्या निदान ३० दिवस आधी सुरू झाला पाहिजे, आणि पतीलाही सुई मिळाली पाहिजे. बोल एकट्या स्त्रीला लावणे हा शुद्ध अन्याय होय. श्रीलंकेने २०१९ साली हे साधल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले.

रक्त आज व अहवाल नंतर, हा क्रम डोंगरातून आलेल्या कोरकू स्त्रीला परवडणारा नाही. मजुरीसाठी कुटुंब बाहेर पडले, की महिने लोटतात. बोटातील थेंबभर रक्तावर काही मिनिटांत निदान करणारी चाचणी आज उपलब्ध आहे. ती पहिल्याच भेटीत व्हावी, सुई त्याच दिवशी, बोभाटा न करता मिळावी. आणि मृत बालक जन्मल्यास मातेचे रक्त तपासल्यावाचून तिला घरी धाडू नये, अशी आमची आरोग्य खात्याकडे मागणी आहे.